ब्लॅक मेटल ऐकायला सुरुवात करताय? कोणता इतिहास वाचायचा आणि कधी

ब्लॅक मेटल, म्हणजे हेवी मेटलची एक काळोखी, टोकाची शाखा, म्हटलं की नव्या माणसाच्या कानावर गाण्याआधी किस्से पडतात, चर्च जाळली, बँडमधल्या एकानं दुसऱ्याचा खून केला, तोंडाला पांढरंकाळं फासतात वगैरे, आणि मग तो माणूस एकतर त्या किश्श्यांसाठीच ऐकायला येतो नाहीतर त्यांच्यामुळेच चार हात लांब राहतो. दोन्हीकडे गाणं बिचारं बाजूलाच राहतं. मला हे संगीत मनापासून आवडतं आणि म्हणूनच हा सगळा क्रम नीट लावून द्यावा असं बरेच दिवस वाटत होतं.

इतिहास माहीत नसेल तर ब्लॅक मेटल कळणारच नाही असं म्हणणारे लोक आहेत, आणि तुम्ही फक्त म्युझिक ऐका हो बाकी सोडा म्हणणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाही, कारण इतिहास म्हणून जे सांगितलं जातं त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. एक म्हणजे हा आवाज कुठून आला, असा का आहे, गाणी कशाबद्दल आहेत. हे कळलं की ऐकण्यात खरंच फरक पडतो. दुसरा म्हणजे गुन्ह्यांचा इतिहास. त्यानं गाणं जास्त चांगलं लागत नाही, कधी कधी तर उलट कानाच्या मध्ये येतं, पण तो माहीत असायलाच हवा, आणि का ते पुढे सांगतो.

पायरी १: काहीही न वाचता दोन अल्बम

पहिला इमॉर्टलचा 'ॲट द हार्ट ऑफ विंटर', १९९९ चा. बँड नॉर्वेतल्या बर्गनचा, अल्बम रेकॉर्ड झाला स्वीडनमधल्या ॲबिस स्टुडिओत, त्यामुळे साउंड स्वच्छ आहे, प्रत्येक गिटार वेगळी कळते. सहाच गाणी, पाऊण तास, विषय बर्फ, डोंगर, थंडी. ज्यांनी आयर्न मेडन, मेटालिका ऐकलंय त्यांना यात पाय ठेवायला जागा मिळते. दुसरा उल्वरचा 'बर्गटाट', १९९५ चा, पाचच गाणी, पस्तीसेक मिनिटं. यात बासरी आहे, पियानो आहे, अकूस्टिक गिटार आहे आणि किंचाळण्याच्या जोडीला अगदी शांत, साधं गाणंही आहे.

फोनच्या किंवा हेडफोनच्या ॲपमध्ये बेस बूस्ट चालू असेल तर आधी बंद करा. या गिटारींची सगळी धार वरच्या पट्टीत असते, बेस वाढवला की सगळा चिखल होतो. शफल बंद. व्हॉल्यूम मध्यमच ठेवा, जोरात लावल्यानं हे जास्त कळतं असं अजिबात नाही.

आता ऐकायचं कसं. गायक काय म्हणतोय ते पकडायच्या मागे लागू नका, तो आवाज म्हणजे आणखी एक वाद्य आहे असं समजा. गिटारवर एकच सूर पिकनं वरखाली भराभर छेडत राहायचं याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात, आणि त्यानं सुटे सूर न राहता एक सलग धार तयार होते, तानपुरा मागे वाजत असताना खोली भरून जाते ना, तसा परिणाम होतो. खाली ड्रमवर ब्लास्ट बीट, म्हणजे अतिवेगानं सलग बडवलेला ठेका, चाललेला असतो आणि नव्या माणसाचं सगळं लक्ष तिकडेच जातं, मग हे नुसतं धडधड धडधड आहे असं वाटतं. त्यावर माझा उपाय असा की ड्रमकडे दुर्लक्ष करा आणि कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गट) कधी बदलतेय त्यावर पायानं ताल धरून बघा. बऱ्याच गाण्यांत ड्रम सुसाट आणि कॉर्ड मात्र अगदी सावकाश बदलत असते, म्हणजे गाणं खरं तर संथ आहे. हे एकदा लक्षात आलं की अर्धं काम झालं.

दोन्ही अल्बम दोनतीनदा होऊ देत. नाही आवडलं तर नाही आवडलं, पुढचं वाचूनही आवडेल याची काही गॅरंटी नाही.

पायरी २: आवाज असा 'खराब' का, हे एकाच बँडच्या दोन अल्बममधून समजून घ्या

माझ्या मते अख्ख्या इतिहासातला हा सगळ्यात उपयोगी धडा आहे आणि त्यात एकही खून नाही.

डार्कथ्रोन हा ऑस्लोजवळच्या कोल्बोटन गावचा बँड. १९९१ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, 'सोलसाइड जर्नी'. तो डेथ मेटलचा, म्हणजे मेटलच्या दुसऱ्या एका जड, घोगऱ्या आवाजाच्या शाखेचा आहे, आणि रेकॉर्ड झालाय स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत, जिथे एंटूम्ड आणि तेव्हाच्या स्वीडिश डेथ मेटल बँडांचा तो जाड, भरलेला साउंड तयार झाला. गाणी गुंतागुंतीची, पोरं वाजवण्यात तयार. आता लगेच १९९२ चा 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' लावा. तीच माणसं, मध्ये साधारण वर्षभर गेलंय, आणि गिटार एकदम पातळ, खरखरीत, लांबून आल्यासारखी. हा अल्बम त्यांनी आपल्याच गावच्या क्रिएटिव्ह स्टुडिओत केला, नॉर्वेच्याच मेहेम या आधीच्या बँडची 'डेथक्रश' ही रेकॉर्ड जिथे झाली होती तोच. इंग्लंडमधली त्यांची रेकॉर्ड कंपनी पीसव्हिल हे ऐकून चक्रावली, साउंड बारीक आहे, पुन्हा मिक्स करा म्हणाली. बँडनं सांगितलं, असाच काढा नाहीतर आम्ही मेहेमचा गिटारवादक युरोनिमस याच्या लेबलकडून काढतो. शेवटी निघाला तो असाच निघाला.

म्हणजे बघा, चांगला स्टुडिओ त्यांना मिळालेला होता, वाजवताही येत होतं, आणि तरी त्यांनी ठरवून पाठ फिरवली. त्या काळात डेथ मेटल वर्षागणिक चकचकीत होत होतं, फ्लोरिडात टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओतून एकापाठोपाठ एक गुळगुळीत अल्बम येत होते, आणि नॉर्वेतल्या या पोरांना त्याचा कंटाळा आला होता. एवढं माहीत झाल्यावर 'अ ब्लेझ' पुन्हा ऐका, त्यात काही ठिकाणी डेथ मेटलच्या जुन्या रिफ (गिटारच्या फिरून फिरून येणाऱ्या छोट्या ओळी) अजून उरलेल्या सापडतात, कात टाकणं अर्धवट झालेलं असतं, आणि मला तरी तो अल्बम त्याच्यामुळेच जास्त आवडतो.

मग १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'. सगळी वाद्यं बँडमधल्या एकट्या फेनरिझनं फोर-ट्रॅकवर, म्हणजे चारच ट्रॅकच्या साध्या रेकॉर्डरवर, वाजवून घेतली, त्यावर बँडमधल्याच नॉक्टर्नो कल्टोचा आवाज. पहिलं गाणं कुठलीही प्रस्तावना न करता थेट रिफवर सुरू होतं आणि ड्रम जवळजवळ शेवटपर्यंत एकच ठेका धरून बसतात. पहिल्यांदा ऐकताना इथे काही घडतच नाही असं वाटेल. पण पायरी १ मधली युक्ती वापरा, ड्रम सोडा आणि गिटारची ती उदास सुरावट धरा, फिरून फिरून येते तेव्हा ती आपोआप डोक्यात बसते आणि ठेका बदलला नाही हेच बरं झालं असं वाटायला लागतं. (या अल्बमची एक वाईट बाजू आहे, ती पायरी ५ मध्ये.)

बर्झम या वार्ग विकेर्नेसच्या एकट्याच्या बँडच्या 'फिलोसोफेम'चंही तसंच, १९९३ मध्ये रेकॉर्ड होऊन १९९६ मध्ये आलेला अल्बम, त्यात गिटार ॲम्पमध्ये न लावता घरातल्या स्टिरिओतून काढली आणि गाण्यासाठी मुद्दाम हलक्यातला हलका, हेडसेटचा माइक घेतला.

मात्र खराब साउंड म्हणजेच खरं ब्लॅक मेटल असं डोक्यात घेऊ नका. नॉर्वेच्याच एम्पररचा 'इन द नाइटसाइड एक्लिप्स' (१९९४) अगदी उलट्या टोकाला आहे, कीबोर्डचे थरावर थर, आणि रेकॉर्डिंग बर्गनच्या ग्रीगहालेनमध्ये, म्हणजे एडवर्ड ग्रीग या संगीतकाराच्या नावानं बांधलेल्या मोठ्या कॉन्सर्ट हॉलमध्ये, पिटन नावाच्या साउंड इंजिनियरकडून. गायक इशान तेव्हा विशीतही नव्हता. आणि हेही स्पष्टच सांगतो, ठरवून केलेला कच्चा साउंड वेगळा आणि जमलं नाही म्हणून वाईट झालेला साउंड वेगळा, नंतर आलेल्या शेकडो बँडांत दुसरा प्रकारच जास्त आहे आणि तो इतिहासाच्या नावाखाली गोड मानून घ्यायची तुम्हाला काही गरज नाही.

पायरी ३: थोडं मागे जा

इथे फार वेळ घालवू नका. ब्लॅक मेटल हे नाव आलं न्यूकॅसलच्या व्हेनमच्या १९८२ च्या त्याच नावाच्या अल्बमवरून, पण ऐकायला तो रांगडा रॉक अँड रोल आहे, मोटरहेडच्या घरातला. डेन्मार्कच्या मर्सिफुल फेटकडून रंगवलेला चेहरा आणि सैतानाच्या गोष्टी, स्वित्झर्लंडच्या हेलहॅमर आणि सेल्टिक फ्रॉस्टकडून तो काळोखा जडपणा, ब्राझीलच्या सार्कोफागोकडून वेग. सगळ्यात जास्त घेतलंय ते स्वीडनच्या बाथोरीकडून. त्यांचा १९८७ चा 'अंडर द साइन ऑफ द ब्लॅक मार्क' ऐकला की पाच वर्षांनी नॉर्वेत जे झालं त्याचा बराचसा नकाशा आधीच तयार होता हे कळतं, आणि बाथोरीनं हे सगळं केलं ते गॅरेजचा स्टुडिओ करून. हा एक अल्बम चुकवू नका, बाकीचं सावकाश.

पायरी ४: आता गाण्यांचा अर्थ वाचा

'बर्गटाट' पुन्हा काढा. मध्ये एका गाण्यात वाद्यं थांबतात, पियानो येतो आणि झाडाझुडपांतून कुणीतरी पळत जातंय अशी पावलं ऐकू येतात. पहिल्यांदा ऐकताना तुम्हाला एवढंच कळलं असेल की कुणीतरी पळतंय. आता गोष्ट वाचा. नॉर्वेच्या लोककथांत डोंगराच्या पोटात राहणारे लोक असतात, ते माणसांना भुलवून आत नेतात, आणि हा अख्खा अल्बम म्हणजे अशाच एका मुलीची गोष्ट आहे. ती पावलं तिची. मग त्यानंतरच्या गाण्यातला तो मऊ, एकट्या गिटारवरचा आवाज कुणाचा आणि तो गोड का आहे हे आपसूक उलगडतं, आणि अंगावर काटा येतो. संदर्भानं आनंद वाढतो का असं कुणी विचारलं तर मी कायम हाच अल्बम पुढे करतो. आणि तरीही आधी न वाचताच ऐकायला सांगितलं, कारण ती पावलं पहिल्यांदा अनोळखी म्हणूनच कानावर पडायला हवीत.

सैतानाबद्दलही थोडं. नॉर्वेत लुथरन चर्च हे सरकारी चर्च होतं, २०१२ च्या घटनादुरुस्तीपर्यंत राज्याचा अधिकृत धर्म तोच, आणि बहुतेक लोक जन्मापासून त्याचे सदस्य. तिथल्या सुखवस्तू घरातल्या मुलाला ज्याच्याविरुद्ध उभं राहायचं ती व्यवस्था म्हणजे चर्च. शाळा, नामकरण, अंत्यविधी, सगळीकडे तेच. त्या मुलांनी उलटा क्रॉस उचलला त्यामागे हा राग होता, शिवाय पोरवयातली लोकांना घाबरवायची हौस होतीच. आपल्याकडे चित्र पूर्ण वेगळं आहे. आपल्याकडे ख्रिस्ती समाज अल्पसंख्य आहे, सत्तेत वगैरे नाही. तोच टी-शर्ट घालून तुम्ही वसईत किंवा म्हापशाच्या बाजारात फिरलात तर तो बंडखोरीचा वाटत नाही, तो समोरच्या आजीला दुखावणारा, कदाचित घाबरवणारा असतो. ही एक गोष्ट नॉर्वेबद्दल काहीच न वाचता लक्षात येणं अवघड आहे, म्हणून तेवढं तरी वाचा.

पायरी ५: गुन्हे. एकदाच, पण नीट वाचा

थोडक्यात घटना अशा. मेहेम १९८४ मध्ये सुरू झाला. त्यांचा स्वीडिश गायक, स्टेजवर 'डेड' नावानं ओळखला जाणारा, एप्रिल १९९१ मध्ये आत्महत्या करून गेला. त्याच वर्षी गिटारवादक युरोनिमसनं ऑस्लोत 'हेल्वेटे' नावाचं रेकॉर्डचं दुकान काढलं आणि ही सगळी पोरं तिथे जमायला लागली. ६ जून १९९२ ला बर्गनजवळचं फॅन्टॉफ्टचं लाकडी चर्च जळालं, बाराव्या शतकातलं, आणि १९९६ पर्यंत नॉर्वेत चर्चवर असे किमान ५० हल्ले झाले. ऑगस्ट १९९२ मध्ये एम्पररच्या ड्रमर फाउस्टनं लिलेहॅमरमध्ये एका समलिंगी माणसाचा भोसकून खून केला. १० ऑगस्ट १९९३ ला बर्झमच्या वार्ग विकेर्नेसनं युरोनिमसचा खून केला, १९९४ मध्ये त्याला खून आणि चर्च जाळण्याबद्दल २१ वर्षांची शिक्षा झाली, २००९ मध्ये तो सुटला, आणि २०१४ मध्ये फ्रान्सच्या कोर्टानं त्याला वांशिक द्वेष भडकावल्याबद्दल दोषी ठरवलं. स्वीडनच्या डिसेक्शनचा म्होरक्या योन नोड्टवेट हाही एका समलिंगी माणसाच्या खुनात सहभागी म्हणून तुरुंगात गेला होता.

आता यातलं काय काय लोक रंगवून सांगतात ते बघा. जळकं चर्च टी-शर्टवर येतं, युरोनिमस आणि वार्गच्या भांडणावर सिनेमा निघतो, आणि लिलेहॅमरच्या त्या माणसाचा उल्लेख एका ओळीत संपतो, तोही बऱ्याचदा 'किस्सा' म्हणून. तो कुठल्याही बँडच्या भानगडीत नव्हता. मला याचा मनापासून राग येतो, आणि ज्या लेखात हा खून थरारक म्हणून सांगितलेला असेल तो लेख तिथेच बंद करा एवढंच सांगेन. तसंच डेडच्या मृतदेहाचा एक फोटो युरोनिमसनं काढला होता, तो एका बूटलेग (परवानगीशिवाय काढलेल्या) रेकॉर्डवर छापला गेला आणि आजही फिरत असतो. तो शोधू नका. त्या फोटोनं मेहेमचं एकही गाणं जास्त कळत नाही.

गाण्याशी याचा संबंध किती, हे मेहेमच्या 'दे मिस्टेरीस डॉम साथानास'वर तपासून बघा. १९९४ मध्ये तो आला तेव्हा युरोनिमस हयात नव्हता. अल्बमवर गिटार त्याची आणि बेस त्याचा खून करणाऱ्याचा. बेस काढून टाका अशी विनंती युरोनिमसच्या आईवडिलांनी ड्रमर हेलहॅमरला (हे त्याचं टोपणनाव, वरचा स्विस बँड वेगळा) केली होती, पण तो तसाच राहिला. बरेच शब्द डेडचे, गायलेत मात्र हंगेरीच्या आत्तिला चिहारनं. हे माहीत झाल्यावर तो बेस ऐकताना पोटात काहीतरी होतं, खोटं कशाला बोलू. पण 'फ्रीझिंग मून'च्या सुरुवातीची ती गार गिटार, आत्तिलाचा तो घशातून ओढलेला चमत्कारिक आवाज, हेलहॅमरचे ड्रम, हे सगळं ज्याला यातलं अक्षरही ठाऊक नाही त्यालाही तितकंच गाठतं. उलट पहिल्यांदाच हे सगळं डोक्यात घेऊन बसलात तर तुम्ही रिफ ऐकतच नाही, फक्त बातमी ऐकता. म्हणून ही पायरी पाचवी, पहिली नाही.

आणि 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'ची वाईट बाजू. त्यातल्या निम्म्या गाण्यांचे शब्द विकेर्नेसचे आहेत, मूळ कव्हरच्या मागे नॉर्वेजियन आर्यन ब्लॅक मेटल अशा अर्थाची ओळ छापली होती, आणि अल्बमवर टीका करणाऱ्यांना उद्देशून बँडनं ज्यूंबद्दल घाणेरडं वाक्य पत्रकात टाकलं. नंतर माफी मागितली, ती ओळही पुढे वगळली गेली. मी हा अल्बम अजूनही ऐकतो, आणि कुणाला तो सुचवताना हे न सांगता सुचवत नाही.

पायरी ६: पैसे देण्याआधी बँड तपासा

स्ट्रीमिंगवर एखादं गाणं लागलं त्याचं एवढं नाही, पण कॅसेट, विनाइल, टी-शर्ट घेताना पैसा थेट त्या माणसाकडे जातो. ब्लॅक मेटलमध्ये उघड नाझी विचाराच्या बँडांची एक वेगळी शाखाच आहे आणि ॲल्गोरिदम तुम्हाला ते सांगत नाही, जंगल नि बर्फाचं छान कव्हर दिसतं, बस. मेटल आर्काइव्ह्ज या वेबसाइटवर बँडचं पान काढा, गाण्यांचे विषय तिथे लिहिलेले असतात, सभासद आणखी कुठल्या बँडांत आहेत तेही दिसतं, आणि लेबलवर आणखी कोण आहे ते बघा, त्यावरून बरंच कळतं. दोन मिनिटांचं काम आहे. लोगो कळत नाही, अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून हा टी-शर्ट मस्त दिसतो असं म्हणून घेऊ नका, आधी नाव कळू द्या.

जुन्या गुन्हेगारांचं ऐकायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की जो माणूस आजही तेच विष पसरवतोय त्याला माझा रुपया जाणार नाही. इमॉर्टल, उल्वर, एन्स्लेव्हड यांच्यासारखे बँड त्याच गावांत, त्याच वर्षांत, खून न करता संगीत करत होतेच, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं कारण प्रसिद्धी दुसऱ्यांना मिळाली.

पायरी ७: नॉर्वेतून बाहेर पडा

ग्रीसच्या रॉटिंग क्राइस्टचा 'दाय मायटी कॉन्ट्रॅक्ट' १९९३ चाच आहे, पण त्यात थंडी नाही, ऊब आहे. जपानचा 'साय' हा बँड तर युरोनिमसच्याच लेबलवर होता. फ्रान्सच्या अल्सेस्टनं या ट्रेमोलोच्या धारेतून स्वप्नाळू काहीतरी काढलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या डेफहेवननं २०१३ मध्ये गुलाबी कव्हरचा 'सनबेदर' आणला आणि जुने लोक अजून त्यावर भांडतायत. झील अँड आर्डर गुलामगिरीच्या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची धाटणी ब्लॅक मेटलशी जोडतो. आपल्या मुंबईच्या डेमॉनिक रिसरेक्शननं २०१७ मध्ये दशावतारांवर अल्बम केला, तो निव्वळ ब्लॅक मेटल नाही, त्यात डेथ मेटल बरंच आहे, पण नॉर्वेचा हिवाळा उसना न घेता आपल्याकडचा विषय घेऊन हे कसं करता येतं ते त्यात ऐकायला मिळतं.

आणि यातला एकच निवडायचा असेल तर अमेरिकेच्या पॅनॉप्टिकॉनचा 'केंटकी', २०१२ चा. बँजो, फिडल, कोळसा खाणीतल्या कामगारांच्या संपाची गाणी, आणि त्यांच्या मधोमध ब्लास्ट बीट. हाही आधी न वाचता ऐका, मग केंटकीतल्या खाणींचा आणि तिथल्या संपांचा इतिहास वाचा, आणि पुन्हा लावा.